भ्रूणाची जनुकं बदलावीत का? 'तुमच्यासारख्यांसाठीच तर हे चाललंय' म्हणणाऱ्यांना काय सांगू?

कवडसा

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला बीटा थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा गंभीर आनुवंशिक आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तातून अंगात साठणारं लोह बाहेर काढायला रोज औषध घ्यावं लागतं. मी आणि नवरा दोघंही वाहक आहोत हे आम्हाला ती सात महिन्यांची झाल्यावर कळलं. गरोदरपणात माझं हिमोग्लोबिन कमी दिसलं तेव्हा लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विषय संपवला. वाहक आहे का, हे सांगणारी साधी रक्ततपासणी कुणी सुचवली नाही. तो राग अजून गेलेला नाही, पण धागा त्यासाठी नाही.

आता दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. नात्यातल्या एकाने अगदी आपुलकीने सांगितलं, "थोडं थांबा. आता भ्रूणातलं जनुकच दुरुस्त करता येणार आहे. तुमच्यासारख्यांसाठीच तर चाललंय ते सगळं." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून गेले काही महिने मिळेल ते वाचते आहे.

सुरुवात अर्थातच २०१८च्या त्या बातमीपासून केली. हे जियानकुई ('हे' हे आडनाव) या चिनी शास्त्रज्ञाने क्रिस्पर या तंत्राने जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचं नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं. लुलू आणि नाना ही त्यांची टोपणनावं. मला वाटलं होतं, त्यांना काही भयंकर आनुवंशिक आजार असणार. तसं काहीच नव्हतं! वडिलांना एचआयव्ही होता. तो जनुकांतून मुलांकडे जात नाही, आणि वडिलांकडून संसर्ग टाळायला वीर्य धुऊन घेण्याची पद्धत आधीपासूनच आहे. तरीही पुढे कधी एचआयव्ही होऊ नये म्हणून सीसीआर५ हे चांगलं चालणारं जनुक बिघडवायचा प्रयत्न केला गेला. म्हणजे जगात पहिल्यांदा ज्या मुलींवर हे केलं, त्या आजारी नव्हत्याच.

हे वाचून आत काहीतरी हललं. माझ्या लेकीसारख्या मुलांचं नाव पुढे करायचं आणि प्रत्यक्षात करायचं भलतंच, असं तर होत नाहीये ना? ज्यांना यातलं कळतं त्यांनी बोलावं. विरोधी मतही हवं आहे.

---

उंबरठा

कवडसा, लेकीला खूप आशीर्वाद. माझं मत सरळ आहे. निसर्गाने जे ठरवलं त्यात हात घालू नये. वाचतो आहे.

---

रानवारा

उंबरठा, आदर ठेवून असहमत. कवडसा यांच्या लेकीला निसर्गानेच थॅलेसेमिया दिला. देवी निसर्गानेच दिली होती आणि माणसाने ती १९८०पर्यंत पृथ्वीवरून घालवली. निसर्ग कुणाचं बरं-वाईट ठरवत बसत नाही. प्रत्येक बाळ आई-वडिलांत नसलेले साधारण साठ-सत्तर नवे बदल डीएनएत घेऊन जन्माला येतं. बरेचसे निरुपद्रवी, एखादा जीवघेणा. हा जुगार रोज चालतो आणि त्याला कुणी अनैतिक म्हणत नाही.

१९७८मध्ये लुईस ब्राऊन ही पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं, की प्रयोगशाळेत गर्भधारणा म्हणजे सृष्टिक्रमाचा भंग. आज लाखो माणसं आयव्हीएफमुळे या जगात आहेत. त्यांच्याकडे पाहून कुणाला काही भंगलेलं दिसतं का?

जियानकुईने केलं ते चूकच. पालकांना दिलेली माहिती धड नव्हती, परवानगीची कागदपत्रं बनावट होती, तीन वर्षांची शिक्षा झाली ती योग्यच झाली. पण वाईट माणसाने वाईट रीतीने केलेल्या कामावरून त्या कामाचाच निकाल लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

---

तळटीप

जनुकीय निदानाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून आधी थोडी यंत्रणा सांगते. ती कळल्याशिवाय नीतीची चर्चा हवेत राहते.

क्रिस्परला 'जनुकीय कात्री' म्हणतात ते बरोबर आहे, पण अर्धंच. कात्री कापते. शिवण्याचं काम पेशी स्वतः करते, आणि ते तिच्या पद्धतीने करते. बहुतेक वेळा दोन टोकं घाईने जोडताना डीएनएची मधली काही अक्षरं गळतात किंवा वाढतात. जनुक बिघडवायचं असेल तर एवढ्याने भागतं. पण थॅलेसेमियात बिघडलेलं जनुक नीट करायचं असतं, म्हणजे नेमकी अक्षरं नेमक्या जागी हवीत. ते कितीतरी अवघड. जियानकुईला तर बिघडवणंही नीट साधलं नाही. काही लोकांमध्ये सीसीआर५च्या दोन्ही प्रतींतली ३२ अक्षरं जन्मतःच नसतात आणि त्यांच्या पेशींत एचआयव्हीच्या नेहमीच्या प्रकारांना शिरता येत नाही. त्याला तसा बदल हवा होता. त्या मुलींमध्ये झाले ते वेगळेच बदल, आधी कुणातही न पाहिलेले. एकीत तर जनुकाची एक प्रत शाबूतच राहिली.

दुसरी अडचण सरमिसळीची. कात्री भ्रूणात सोडली तरी ती कधी काम करेल हे आपल्या हातात नाही. तोवर पेशी विभागली की काही पेशी बदललेल्या, काही जुन्या, काही तिसऱ्याच. 'मग तपासून घ्या' असं वाटतं. पण तपासायला आपण पाच दिवसांच्या भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या, पुढे वार (प्लासेंटा) बनणाऱ्या, मोजक्या पेशी काढतो. बाळ ज्या पेशींतून घडणार त्यांना हात लावता येत नाही. त्या सगळ्या तपासायच्या तर भ्रूणच उरणार नाही. हे माझं रोजचं काम आहे, म्हणून ठामपणे सांगते. मोजक्या पेशींवरून अख्ख्या बाळाची हमी देता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. २०२०मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने अंधत्वाशी निगडित एक जनुक मानवी भ्रूणात दुरुस्त करून पाहिलं. जवळजवळ निम्म्या भ्रूणांत कापलेली जागा जुळलीच नाही आणि त्या गुणसूत्राचा मोठा तुकडा किंवा अख्खं गुणसूत्रच हरवलं. अक्षर सुधारायला गेलो आणि पानच फाटलं. न कापता एकेक अक्षर बदलणारी नवी साधनं आली आहेत, पण सरमिसळीचा प्रश्न त्यांनी सुटलेला नाही.

---

कवडसा

तळटीप, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. एकच विचारते. आमच्यासारख्या दोन वाहकांना याची गरज तरी आहे का? चारांत एक मूल आजारी असण्याची शक्यता, म्हणजे चारांत तीन ठीकच ना?

---

तळटीप

हो, आणि तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. आयव्हीएफने काही भ्रूण तयार करायचे, तपासायचे, मेजर नसलेला निवडायचा. ही पद्धत १९९०पासून आहे. कष्टाची आहे, दर वेळी यश येतंच असं नाही, पण कुणाचंही जनुक न बदलता तुमचा प्रश्न सुटू शकतो. निवडीने भागत नाही अशी जोडपी अगदी थोडी. दोघांनाही तोच अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणारा, आजार असेल तर निरोगी भ्रूण बनूच शकत नाही. किंवा एखाद्याच्या दोन्ही प्रतींत हंटिंग्टन या मेंदूच्या आजारासारख्या प्रभावी, म्हणजे एका बिघडलेल्या प्रतीनेही होणाऱ्या, आजाराचं जनुक असेल तर. दुर्मिळातले दुर्मिळ.

---

रानवारा

इथे मला एक तात्त्विक मुद्दा मांडायचा आहे. तो मला खरंच छळतो.

भ्रूण निवडतो तेव्हा आपण कुणालाच बरं करत नाही. आजारी भ्रूण बाजूला ठेवतो आणि दुसराच माणूस जन्माला घालतो. संपादनात, म्हणजे जनुक बदलण्यात, तेच भ्रूण राहतं आणि आजार जातो. मग उपचार कशाला म्हणायचं? डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने जन्माला कोण येणार हेच आपल्या निर्णयावर ठरतं तेव्हा नीतीचा हिशोब कसा गुंततो हे दाखवून दिलं होतं. त्या नजरेने पाहिलं तर ज्याला आपण सोवळं समजतो ती निवड अधिक कठोर आणि ज्याला घाबरतो ते संपादन अधिक दयाळू ठरतं. तंत्र सुरक्षित झालं तर.

आणि पुढच्या पिढ्यांत जाणारा बदल म्हणजे लक्ष्मणरेषा, असंही नाही. ब्रिटनने २०१५मध्ये मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) दानाला कायद्याने परवानगी दिली. आईचे सदोष मायटोकाँड्रिया टाळायला दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडातले घ्यायचे. अशी आठ बाळं जन्मल्याचं २०२५मध्ये जाहीर झालं. मुलींकडून तो बदल त्यांच्या मुलांकडे जाईल. रेषा ओलांडली गेली आहे, फक्त सावकाश, परवानगीने, एकेक प्रकरण तपासून. असंच का करू नये?

---

तळटीप

रानवारा, मुद्दा मोलाचा आहे. पण प्रत्यक्षात 'तेच भ्रूण' नसतं. दहा भ्रूण घ्यायचे, दहांवर कात्री चालवायची, मग ज्यांत जमलं असं वाटतं त्यातला एखादा ठेवायचा. बाकीचे टाकायचे. म्हणजे निवड टळत नाहीच, वर संपादनाचा धोका येतो.

आणि मायटोकाँड्रियाचं म्हणाल तर तिथे कुणाचं अक्षर बदलत नाहीत, ३७ जनुकांचा निसर्गात चालून सिद्ध झालेला संच अख्खा घेतात. सावकाशपणाबद्दल मात्र पूर्ण सहमत.

---

निळीशाई

धागा सुंदर चालला आहे. मी विज्ञानाची नाही, इतिहास शिकवते, म्हणून मागच्या बाजूने बघते.

'सुप्रजनन' (युजेनिक्स), म्हणजे कुणी मुलं जन्माला घालावीत हे ठरवून माणसाची 'जात सुधारायची', या कल्पनेला फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८३मध्ये नाव दिलं. ती राक्षसांची कल्पना नव्हती. सुशिक्षित, सुधारणावादी, लोककल्याणाची भाषा बोलणारी माणसं तिच्या मागे होती. १९२७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धी' ठरवलेल्या एका तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. त्या देशात एकूण साठ हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली. जर्मनीत १९३३च्या कायद्याखाली सुमारे चार लाख. सुरुवात प्रत्येक ठिकाणी एकाच वाक्याने झाली, की दुःख कमी करायचं आहे.

आज सक्ती नाही, पालकांची इच्छा आहे, हा फरक मोठा आहे. तो मी नाकारत नाही. पण इच्छेलाही रेटा असतो. शेजारच्या मुलाला काही 'दिलं' आहे म्हटल्यावर आपल्या मुलाला न देणारे पालक किती काळ टिकाव धरतील? आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरात जन्मलेल्या आजारी मुलाकडे समाज कसा बघेल? 'टाळता आलं असतं, का नाही टाळलंत?' असंच विचारेल. मग उपचारावरचा खर्च, सवलती, रक्तपेढ्या, सगळ्याला उत्तर मिळेल की ही तुमची निवड होती. मला बुद्धिमान बाळांच्या स्वप्नापेक्षा या प्रश्नाची भीती जास्त वाटते.

बुद्धिमान, उंच वगैरे तर अजून नुसत्या गप्पा आहेत. उंचीशी निगडित बारा हजारांहून अधिक जागा २०२२मध्ये सापडल्या, चोपन्न लाख लोकांचा डीएनए पाहून. त्यातल्या बऱ्याच जागा दुसरं काहीतरीही करत असतात. कुठली आणि किती बदलणार?

---

उंबरठा

'टाळता आलं असतं' हे वाक्य वाचून थांबलो. आमच्या घरात एक मतिमंद भाऊ होता, त्याच्याबद्दल आईला हेच ऐकवायचे. त्या वेळी टाळता येण्यासारखं काहीही नव्हतं, तरीही.

निसर्गाबद्दलचं माझं पहिलं वाक्य मागे घेतो. रानवारांचं त्याबाबत बरोबर आहे. विरोध मात्र कायम आहे, कारण बदललं.

कवडसा, एक नाजूक प्रश्न. नको असेल तर उत्तर देऊ नका. भ्रूण निवडताना मोठ्या लेकीशी बोन मॅरो जुळणाराही बघता येतो ना, म्हणजे त्या भावंडाचा मॅरो देऊन तिला बरं करता यावं?

---

कवडसा

बघता येतो. आम्हाला सांगितलंय. मेजर नसलेला आणि शिवाय जुळणारा, म्हणजे सोळांत तीन असा हिशोब कागदावर मांडूनही दाखवला.

या धाग्यावर लिहायचं की नाही याचा दोन दिवस विचार केला. मला ते हवं आहे. लेकीला त्या सुईतून सोडवायचं आहे. आणि त्याच वेळी जे बाळ अजून नाही, त्याच्यावर मी जन्माआधीच एक काम सोपवते आहे हेही दिसतंय. नवरा म्हणतो, त्या बाळावर आपण तितकंच प्रेम करू. करू, यात मला शंका नाही. पण त्याला हे कधीतरी सांगावं लागेल. कसं सांगायचं याचे शब्द आतापासून शोधते आहे.

म्हणून संमतीचा मुद्दा मला पुस्तकी वाटत नाही. रानवारा म्हणतील, कुठल्याच बाळाला विचारून जन्माला घालत नाहीत. खरंय. पण माझ्या बाळाला मी उत्तर देऊ शकेन, ते माझ्यावर चिडू शकेल. जनुक बदललेलं मूल कुणावर चिडेल? आणि त्याची नातवंडं?

---

निळीशाई

कवडसा, हाबरमास या जर्मन तत्त्वज्ञाचा आक्षेप जवळपास हाच आहे. आई-वडिलांचे संस्कार मूल मोठेपणी नाकारू शकतं, त्यांच्याशी भांडू शकतं. अंगातच लिहून ठेवलेल्या हेतूशी भांडता येत नाही. तुम्ही ते माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगितलंत.

---

अबोली

पहिल्यांदाच लिहिते आहे इथे.

मी बहिरी आहे. लोक माझ्यासाठी कर्णबधिर, विशेष, काय काय शब्द वापरतात. मी बहिरी म्हणते. माझा नवराही बहिरा. ऐकण्यासाठी लागणाऱ्या जीजेबी२ जनुकाच्या दोन्ही प्रती दोघांच्याही सदोष आहेत, त्यामुळे आमचं प्रत्येक मूल बहिरंच जन्मणार. तळटीप यांनी सांगितलेली दुर्मिळातली दुर्मिळ जोडपी म्हणजे आम्ही.

२०१९मध्ये डेनिस रेब्रिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने आमच्यासारख्याच बहिऱ्या जोडप्यांच्या भ्रूणांत हेच जनुक दुरुस्त करण्याची योजना मांडली होती. ती बातमी मी आणि नवऱ्याने शेजारी बसून वाचली. बराच वेळ दोघांचेही हात हलले नाहीत. आम्ही हातांनी बोलतो, म्हणून असं म्हणते.

आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र, केलं आहे. त्यावरही आमच्या ओळखीच्या बहिऱ्या लोकांत वाद झाले, पण आम्ही केलं. तो शाळेत यंत्र लावतो आणि घरी आला की दप्तर टाकायच्या आधी ते काढून ठेवतो. मग आमच्याशी खुणांनी बोलतो. त्याला दोन्ही जगं येतात. कुठे राहायचं ते मोठेपणी तो ठरवेल. यंत्र काढता येतं. भ्रूणात केलेलं काढता येणार नाही.

कवडसाताई, तुमची लेक आणि मी एका मापात बसत नाही. तिला रक्त मिळालं नाही तर जिवावर बेततं. मला ऐकू आलं नाही म्हणून माझं काही अडलं नाही. अडलं ते लोक तोंड फिरवून बोलतात म्हणून. पण बाहेरच्या यादीत आम्ही दोघी एकाच मथळ्याखाली असतो, 'दुरुस्त करण्याजोगे आजार'. ती यादी कोण करतं, त्यात आमच्यापैकी किती जण बसलेले असतात, हे मला माहीत करून घ्यायचं आहे.

---

रानवारा

अबोली, मनापासून विचारतो, वाद म्हणून नाही. ऐकू येण्याची शक्यता असताना ती न देणं हाही त्याच्यासाठी तुम्ही घेतलेला निर्णय नाही का होत?

---

अबोली

सुरक्षित आणि खात्रीचं तंत्र उद्या समोर आलं तर हा प्रश्न मला टाळता येणार नाही, हे मान्य. तेव्हा मी काय करीन ते आज सांगितलं तर खोटं होईल. आज जे आहे त्यात मात्र निम्मी पानं फाटतात, असं वर लिहिलं आहे. माझ्या निरोगी मुलाला मी त्यात घालणार नाही. हो, निरोगीच. तो फक्त बहिरा आहे.

---

रानवारा

पटलं. 'सुरक्षित झालं तर' हे मी फार सहज लिहून गेलो. ते सुरक्षित झालंय हे कळण्यासाठी आधी कुणाची तरी मुलं वापरावी लागणार, याचा विचार केला नव्हता.

---

तळटीप

हेच लिहायला आले होते. औषधाची चाचणी थांबवता येते, रुग्ण माघार घेऊ शकतो. १९९९मध्ये जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा दगावला आणि त्या क्षेत्राचा वेग कितीतरी वर्षं मंदावला. तो निदान स्वतःच्या इच्छेने गेला होता. इथे चाचणीतून बाहेर पडायची वाटच नाही, आणि निरीक्षण जन्मभर, खरं तर त्यांच्या मुलांपर्यंत करावं लागेल. लुलू-नानाचं तेच झालंय. त्यांची तब्येत तपासत राहणं गरजेचं आहे आणि त्यांना जगाच्या नजरेपासून वाचवणंही. २०२२मध्ये चीनमधल्याच दोन नीतितज्ज्ञांनी त्यांच्या रक्षणासाठी वेगळी व्यवस्था उभारावी असं सुचवलं. तिसरं मूलही आहे, त्याचा उल्लेख तर क्वचितच होतो.

२०२३मध्ये लंडनच्या जागतिक परिषदेने पुढच्या पिढ्यांत जाणारं जनुक-संपादन तूर्त स्वीकारार्ह नाही असं सांगितलं, ते यासाठीच.

कवडसा, तुमच्यासाठी खरी बातमी दुसऱ्या बाजूला आहे. जन्मलेल्या माणसाच्या पेशींवर उपचार. रुग्णाच्याच मॅरोतल्या स्टेम सेल (रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशी) बाहेर काढून, क्रिस्परने बदलून परत द्यायच्या, म्हणजे गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी ब्रिटनने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये याला मान्यता दिली. त्याआधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते, म्हणजे सोपं काहीच नाही. आणि २०२५मध्ये यकृताच्या जीवघेण्या आजाराच्या एका तान्ह्या बाळासाठी, केवळ त्याच्या एका चुकीच्या अक्षरासाठी, औषध काही महिन्यांत घडवून दिलं गेलं. हे बदल शरीरापुरते असतात, पुढच्या पिढीत जावेत असा त्यांचा हेतू नसतो. चुकलं तर त्या एका माणसाचं चुकतं, आणि डॉक्टर त्याच्या समोर असतो.

---

कवडसा

काल रात्री पूर्ण धागा नवऱ्याला वाचून दाखवला. भ्रूण-तपासणीसाठी जायचं ठरलं आहे. जुळणारा बघायचा की नाही, यावर अजून बोलतो आहोत.

त्या नातेवाइकांना फोन केला. म्हटलं, आम्हाला मूल हवं तर त्यासाठी कुणाचं जनुक बदलावं लागत नाही, तपासणीने भागतं. आणि जी घरात आहे तिला लागणारा उपचार भ्रूणावरचा नाहीच, जन्मलेल्या माणसावरचा आहे. तो सापडलाय, पण आमच्या आवाक्यात नाही. तुम्हाला आमच्यासारख्यांसाठी काही व्हावंसं वाटत असेल तर तो आवाक्यात यावा म्हणून बोला. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं."

मंगळवारी लेकीला रक्त चढवायचं आहे. तिथे नेहमीचे तीन-चार पालक असतात, चार तास एकत्र बसतो. त्यांच्याही कानावर हे 'थोडं थांबा' आलेलं आहे. अबोली, तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला तर चालेल का? नाव सांगणार नाही.

---

अबोली

चालेल. फक्त वाचताना 'बहिरी' हा शब्द बदलू नका.